वीस हजारांचा बॉक्स आणि पाच हजार आठशेची बारीक ओळ

प्रश्न : मॅडम, माझं फलटणला मोबाइल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. माउलींची पालखी येते तेव्हा पॉवर बँकेला चांगलं गिऱ्हाईक असतं. गेल्या वर्षी मुंबईहून वीस हजार एमएएचच्या पॉवर बँका २६० रुपये भावानं आणल्या. दिसायला झकास, हाताला हलक्या, साध्या चार्जरवर दोन तासांत फुल व्हायच्या. पण लोक परत यायला लागले. ५,००० एमएएचचा रिकामा फोन लावला तर पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर जाऊन थांबतो म्हणतात. बारा नग परत आले, त्यातले दोन फुगलेत. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर एक ठेवून बघितला, १६५ ग्रॅम भरला. यंदा दोनशे नग घ्यायचेत. एक नवी पार्टी दहा हजारची पॉवर बँक ५२० ला देतेय. पण तिच्या बॉक्सच्या मागं बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी ५,८०० एमएएच’ असं लिहिलंय. दहा हजार सांगून पाच हजार आठशे, म्हणजे ही पण फसवणूकच ना? जुना व्यापारी म्हणतो, माझ्या बॉक्सवर असलं काही लिहिलेलं नसतं, पूर्ण वीस हजार मिळतात, शिवाय दुकानाचं नावही छापून देतो. कुणाकडून घेऊ?
– एक दुकानदार, फलटण

उत्तर : दादा, ज्या बॉक्सवर ५,८०० लिहिलंय त्याच पार्टीशी बोलणी सुरू करा. लगेच पैसे देऊ नका, आधी काय तपासायचं ते पुढं सांगते. जुन्या व्यापाऱ्याला मात्र यंदा नमस्कार. ज्या ओळीमुळं तुमच्या मनात शंका आली, ती ओळ छापण्याची हिंमत त्याच्या बॉक्सला झालेली नाही, एवढाच त्याच्या ‘पूर्ण वीस हजार’चा अर्थ आहे.

आता हिशोब. एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ‘दहा पोती ज्वारी’ म्हटलं की अडत्या आधी विचारतो, पोतं किती किलोचं? तसं इथं विचारायचं, किती व्होल्टला? पॉवर बँकेच्या पोटात लिथियमचे सेल असतात आणि त्यांचा सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेले १०,००० एमएएच हे आतल्या सेलचे, म्हणजे ३.७ व्होल्टचे असतात. फोनला जाणारी वायर लावतो त्या साध्या यूएसबी पोर्टवर मात्र ५ व्होल्ट येतात. पोतं मोठं झालं की पोत्यांची संख्या कमी होणारच. म्हणून दोन्हीकडं सारखं राहणारं एकच माप धरायचं, वॉट-अवर. व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले हजार. दहा हजारांच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-अवर भरलेले असतात. तेच ५ व्होल्टवर मोजले तर ७,४०० एमएएच होतात, तेही वाटेत काहीच सांडलं नाही तर.

सांडतं तर. ३.७ चे ५ व्होल्ट करणारं सर्किट आत असतं, ते स्वतः गरम होतं, आणि ती उष्णता तुमच्या ३७ मधूनच गेलेली असते. चांगलं सर्किट पंधरा टक्के खातं, बरं असेल ते वीस, आणि रद्दी असेल तर तीसही. बॉक्सवरची ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणजे त्या ५ व्होल्टच्या पोर्टमधून खरंच बाहेर येणारा आकडा. ५,८०० गुणिले ५ करून बघा, २९ वॉट-अवर होतात. म्हणजे ३७ पैकी २९ बाहेर येणार, साधारण ७८ टक्के. हे काही सगळ्यात भारी काम नाही, पण खरं आहे, आणि कंपनीनं ते स्वतःच्या बॉक्सवर कबूल केलंय. चांगल्या कंपन्यांच्या दहा हजारच्या पॉवर बँकांवर ही ओळ साडेपाच ते साडेसहा हजारांच्या दरम्यान असते. कुणी दहा हजारच्या बॉक्सवर ‘रेटेड ९,५००’ लिहिलं असेल तर तो माल हातातसुद्धा धरू नका. ७,४०० च्या वर तो आकडा जाऊच शकत नाही.

आता तुमच्या जुन्या मालाकडं येते. तुमच्या पत्रातच त्याचं पोस्टमॉर्टेम आहे, फक्त तुम्ही ते तक्रारीच्या आणि कौतुकाच्या सुरात लिहिलंय.

पहिलं वजन. लिथियम सेलमध्ये किलोमागं साधारण २५० वॉट-अवर बसतात, तेही चांगला सेल असेल तर. खरे वीस हजार एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. ७४ भागिले २५०, म्हणजे नुसते सेलच तीनशे ग्रॅमच्या आसपास हवेत. वर प्लास्टिक, सर्किट, पोर्ट धरले तर साडेतीनशेच्या खाली खरी वीस हजारची पॉवर बँक सापडणं अवघड. कुणी म्हणालं की आमच्याकडं नवीन टेक्नॉलॉजीचा एकदम हलका सेल आहे, तरी तो सेल काही २६० रुपयांत येणार नाही. तुमची भरली १६५ ग्रॅम. त्यात वीस हजार असणं शक्यच नाही, ती कितीही झकास दिसो. ‘हाताला हलकी’ हे तुम्ही गुण म्हणून लिहिलंय, पण पॉवर बँकेच्या बाबतीत हलकेपणा हा पहिला संशय.

दुसरं चार्जिंग. दोन तासांत फुल व्हायच्या, असं तुम्ही आनंदानं सांगता. साधा ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर १० वॉट देतो. दोन तासांत त्यातून जास्तीत जास्त २० वॉट-अवर आत जाणार. ७४ वॉट-अवरची टाकी त्या चार्जरवर भरायला आठ-नऊ तास लागतात. जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार?

तिसरं गिऱ्हाइकांची तक्रार. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची असते. ती पंचावन्न टक्के भरली म्हणजे फोनमध्ये साडेदहा वॉट-अवर उतरले. वायरमध्ये आणि फोनच्या स्वतःच्या चार्जिंगमध्ये थोडं जातं, म्हणून पॉवर बँकेच्या पोर्टमधून बारा-एक निघाले असतील. सर्किटनं खाल्लेलं धरून आत पंधरा. पंधरा भागिले ३.७, म्हणजे चार हजार एमएएच. वजन, चार्जिंगचा वेळ आणि तक्रार, तिन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आत बहुतेक दोन गोल सेल आहेत, १८६५० नावाचे. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. ते दोन-दोन हजारांचे असतील तर हिशोब तंतोतंत जुळतो. या आकाराचा एक सेल कितीही उत्तम असला तरी साडेतीन हजारांच्या फार पुढं जात नाही, त्यामुळं वीस हजारला किमान सहा सेल लागतातच. स्वस्तातले घेतले तर आठ.

असा नग उघडला की आत काय दिसतं ते मोबाइल दुरुस्तीवाल्यांना विचारा. मोठ्या डब्यात एका कोपऱ्यात दोन सेल चिकटवलेले, बाकी पोकळी. गिऱ्हाईक वजनावर जायला लागलं तसे काही बनवणारे त्या पोकळीत लोखंडी पट्टी ठेवायला लागले. वाळू भरलेले सेलही निघालेत, बाहेरून हुबेहूब, जोडणी फक्त एका-दोघांना, बाकीचे नुसते बसलेले. म्हणून वजन हे नापास करायला उत्तम, पास करायला नाही. १६५ ग्रॅमवाला निश्चित खोटा. चारशे ग्रॅमवाला खरा असेलच असं नाही.

भावाचंही तुमच्या दुकानदारी भाषेत बघू. जुना माल २६० रुपयांत बारा वॉट-अवर देतो, म्हणजे वॉट-अवरला जवळपास २२ रुपये. नवा ५२० रुपयांत २९ देतो, म्हणजे १८ रुपये. निम्म्या किमतीचा म्हणून तुम्ही जो आणला, तो मुळात महाग पडला, आणि परत आलेले बारा नग मी अजून यात धरलेले नाहीत.

पॉवर बँकेवरचे चार दिवे याला पुरावा समजू नका, हेही सांगून ठेवते. ते दिवे आतला व्होल्टेज बघून लागतात, आत माल किती आहे याचा त्यांना पत्ता नसतो. चार हजारची पॉवर बँकही चारही दिवे लावून मिरवते.

नवी पार्टी खरं बोलतेय की बॉक्सवर खरं छापून आत खोटं भरतेय, हे कागदावर कळणार नाही. त्यासाठी यूएसबी मीटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. पेनड्राइव्हएवढा असतो, एका टोकानं पॉवर बँकेत जातो, दुसऱ्या टोकाला वायर लागते, आणि छोट्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॉट-अवर दाखवतो. वॉट-अवर दाखवणाराच घ्या. सोबत एक ‘लोड’ घ्या, म्हणजे रेझिस्टर बसवलेली छोटी पट्टी, बटण दाबलं की १ किंवा २ अँपिअर ओढत राहते. फोन लावून मोजण्यात अडचण अशी की फोन शेवटच्या टप्प्यात हळू ओढतो, मध्येच थांबतो, आणि फास्ट चार्जिंगवाला असेल तर ५ व्होल्टऐवजी ९ व्होल्ट मागून घेतो. ९ व्होल्टवर त्याच २९ वॉट-अवरचे जेमतेम ३,२०० एमएएच दिसतात, आणि तुम्ही चांगला माल नापास करून मोकळे व्हाल. वॉट-अवर वाचलं तर हा घोळ होत नाही.

पॉवर बँक रात्रभर चार्जिंगला लावा. सकाळी मीटरचं बटण दाबून धरून आकडे शून्यावर आणा, नाहीतर जुना हिशोब नव्यात मिसळतो. लोड २ अँपिअरवर ठेवा. तो चांगलाच तापतो, काउंटरच्या सनमायकावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवू नका, फरशीचा तुकडा बघा. पडद्यावर ५ च्या आसपास व्होल्ट, २ च्या आसपास अँपिअर दिसले पाहिजेत. तिथंच ४.६ दिसला तर सर्किट दमलेलं आहे, पुढं मोजायचीही गरज नाही. सगळं ठीक असेल तर जवळपास तीन तास हा आकडा हलणार नाही, फक्त वॉट-अवर वाढत जातील. मग पॉवर बँक संपते आणि मीटरचा पडदाही काळा होतो, कारण मीटर तिच्याच विजेवर चालत असतो. घाबरू नका, बहुतेक मीटर शेवटचा आकडा लक्षात ठेवतात, चार्जरला लावला की दिसतो. पण तुमचा ठेवतो का, हे आधी पाच मिनिटांच्या चाचणीत बघून घ्या, नाहीतर तीन तास पाण्यात.

२९ च्या जागी २८ किंवा साडेसत्तावीस आले तर चालवून घ्या. पंचवीसच्या खाली गेलं तर त्या पार्टीला आकडा दाखवा आणि तिचा चेहरा बघा. ज्याला सवय आहे तो म्हणतो, ‘तुमचा मीटर खराब आहे.’ ज्याला माल खपवायचाय पण नावही टिकवायचंय, तो विचारतो, ‘कुठल्या कार्टनमधला नग होता?’

आणि नमुना कुणी निवडला, हे महत्त्वाचं. व्यापाऱ्यानं ड्रॉवरमधून काढून दिलेला नग मोजून दोनशेची ऑर्डर देणं म्हणजे मुलगी दाखवताना बहीण दाखवल्यासारखं आहे, तो प्रकार या बाजारात रोजचा. बंद कार्टन फोडायला लावा, वेगवेगळ्या कार्टनमधून पाच नग तुम्ही स्वतः उचला, आणि पाचही मोजा. दोन दिवस जातील, जाऊ द्या. आगाऊ रक्कम कमी द्या आणि व्हॉट्सॲपवर मराठीत किंवा हिंदीत स्पष्ट लिहून घ्या : ‘५ व्होल्ट २ अँपिअरवर किमान ५,५०० एमएएच, कमी निघाल्यास पूर्ण लॉट परत.’ ‘ओरिजिनल क्वालिटी’, ‘ए ग्रेड सेल’ असल्या शब्दांना कायद्यातही आणि बाजारातही काडीची किंमत नाही. जो आकडा लिहून द्यायला तयार नाही त्याच्याशी घासाघीस करत बसू नका, कारण भाव कमी झाला तरी सेल वाढणार नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. पॉवर बँक आपल्याकडं बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, सक्तीच्या नोंदणीत येते. नगावर बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ अक्षर, आडवी रेघ आणि आठ आकडी नंबर हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. नुसता ‘नंबर सापडला’ म्हणून समाधान मानू नका. ॲप जो ब्रँड, जी कंपनी आणि जी वस्तू दाखवतं, तीच तुमच्या हातात आहे ना, हे बघा. दुसऱ्याच कुणाच्या चार्जरचा नंबर पॉवर बँकेवर छापलेला मिळणं नवं नाही. आतल्या सेलचीही वेगळी नोंदणी लागते, तिचा तपशील पार्टीकडं मागा. नोंदणी नसलेला माल विकणं हा फक्त बनवणाऱ्याचा नाही, विकणाऱ्याचाही गुन्हा आहे, आणि दंड लाखांत जातो. बॉक्सवर एमआरपी, महिना-वर्ष, आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशाचा माल, हे सगळं छापलेलं हवं. ते नसेल आणि उद्या कुणाच्या खिशात ही वस्तू पेटली, तर बनवणारा सापडत नाही म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जबाबदारी फिरून दुकानदाराच्या दारात येते. बिल पक्कं घ्या. पॉवर बँकेवर १८ टक्के जीएसटी आहे, कच्च्या बिलावर ‘तेवढे वाचतात’ असं वाटतं, पण माल परत करायची वेळ आली की त्या चिठ्ठीवर व्यापारी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही.

दुकानाचं नाव छापून घ्यायचा मोह मला कळतो. वारीत शेकडो हातांत तुमचं नाव फिरेल. पण बीआयएस नोंदणी ब्रँडच्या नावासकट असते. तुमच्या नावानं माल निघाला की त्या नोंदणीत ब्रँड म्हणून तुमचं नाव हवं. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत स्वतःच्या ब्रँडनं बॅटरी विकणारा हा ‘उत्पादक’ ठरतो, मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं नोंदणी आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी आली. दोनशे नगांसाठी हे झेपणार नाही. पिशवीवर नाव छापा, पॉवर बँकेवर नको.

अजून एक प्रकार यंदा तुमच्यापर्यंत येईल, म्हणून आधीच सांगते. नामांकित कंपनीचा माल, बॉक्स अस्सल, आणि भाव निम्मा. २०२५ च्या जूनमध्ये चीनच्या रोमॉस कंपनीनं जवळपास ४ लाख ९० हजार पॉवर बँका परत मागवल्या. अँकर या दुसऱ्या चिनी कंपनीनं चीनमध्ये लाखो नग आणि अमेरिकेत साडेअकरा लाखांहून जास्त नग परत मागवले. कारण एकच, आगीचा धोका. त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून चीननं देशांतर्गत विमानप्रवासात त्यांच्या ३सी या सक्तीच्या सुरक्षा चिन्हाशिवायच्या आणि परत मागवलेल्या पॉवर बँकांना बंदी केली. परत मागवलेला सगळाच माल भट्टीत जातो यावर माझा तरी विश्वास नाही. ब्रँडचा लॉट अति स्वस्तात मिळत असेल, तर मॉडेल नंबर त्या कंपनीच्या परत मागवलेल्या यादीत आहे का, ते आधी बघा. यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते.

आता दहा हजार की वीस हजार, हे तुम्ही विचारलं नाही, पण दोनशे नग घेताय म्हणून सांगते. वारीसाठी दहा हजारच घ्या. २९ वॉट-अवरमधून फोनमध्ये पंचवीसच्या आसपास उतरतात, म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण आणि वर पाव. चालणाऱ्या माणसाचा फोन दिवसभरात घरी फोन, थोडे फोटो, रात्री टॉर्च, एवढाच चालतो. आणि मुक्कामाला चार्जिंगचा एक पॉइंट मिळाला तर त्यावर दहा जणांच्या वायरी असतात. दहा हजारची साध्या चार्जरवर साडेचार-पाच तासांत भरते, खरी वीस हजारची रात्रभर लावली तरी पहाटे दिंडी निघेपर्यंत भरेल याची खात्री नाही. वजनाचाही प्रश्न आहे, खांद्यावर पडशी घेऊन दोन-तीन आठवडे चालणाऱ्याला दोनशे ग्रॅमचा फरक कळतो. वीस हजारच्या दहा-पंधरा ठेवा, दिंडीच्या ट्रकवाल्यांसाठी. परदेशातून घरी आलेली मंडळी मोठी मागायला लागली, तर त्यांना एवढं सांगा की विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, तीही हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. त्या मोठ्या पॉवर बँकांवर २६,८०० असा विचित्र आकडा का असतो, त्याचं उत्तर यातच आहे. ३.७ नं गुणून बघा, ९९ येतात.

जोडीला प्लास्टिकची झिप पिशवी द्या. पालखीत पाऊस असतोच, आणि ओल्या पोर्टमध्ये वायर खुपसली की पॉवर बँक कितीही खरी असो, ती परत तुमच्याच काउंटरवर येते.

माल लवकर उचलून ठेवणार असाल तर पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात तिथं जी भट्टी होते तिच्यात सेल लवकर म्हातारे होतात. बॉक्सवरचा महिना बघा. वर्षभर पडून राहिलेल्या लॉटमधले काही सेल तळाला जाऊन मेलेले असतात, मग कितीही चार्ज करा, उठत नाहीत. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, सावलीत, आणि तीन महिन्यांच्या वर राहिला तर एकदा थोडा चार्ज देऊन. कार्टन ट्रान्सपोर्टनं म्हणजे ट्रकनं मागवा. विमानानं येणाऱ्या कुरिअरला लिथियम बॅटरीचे वेगळे नियम आहेत, ‘मोबाइल कव्हर’ लिहून पाठवतो म्हणणाऱ्याला होकार देऊ नका.

विकताना काउंटरवर एक पुठ्ठा लावा : ‘दहा हजार एमएएच, पाच हजारचा फोन सव्वा वेळा’. शेजारचा ‘चार वेळा’ सांगून विकेल आणि तुमची दोन-चार गिऱ्हाइकं तिकडं जातील. मीटर आणि लोड काउंटरवरच ठेवा, दुपारच्या निवांत वेळेत एक नग लावून ठेवा. लोक विचारतात हे काय आहे, आणि मग तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

परत आलेल्या बारा नगांपैकी जे दोन फुगलेत ते आजच दुकानाच्या बाहेर काढा. चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबून बसवायचा प्रयत्न नको. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, आणि अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. घंटागाडीत टाकले तर गाडीच्या दाबात पेटतात. उरलेले दहा जुन्या व्यापाऱ्याला परत करायचा प्रयत्न करा, मीटरचा फोटो सोबत पाठवून. पैसे मिळतील याची मी खात्री देत नाही. पण ते दहा ‘चालतंय तोवर’ म्हणून कमी भावात विकू नका, आणि घरात मुलांच्या फोनलाही लावू नका.